पुरवणी मागण्या समितीसमोर का जात नाहीत?

२८ जून २०२४ ला महाराष्ट्राचा अतिरिक्त अर्थसंकल्प मांडला गेला आणि ९ जुलैला, म्हणजे अकरा दिवसांनी, त्याच अधिवेशनात ९४ हजार ८८९ कोटी ६ लाखांच्या पुरवणी मागण्या पटलावर आल्या. मूळ बजेट ६ लाख १२ हजार कोटींच्या आसपासचं, त्यात शाई वाळायच्या आत साधारण पंधरा टक्क्यांची भर. दुसऱ्या दिवशी पेपरात आकडा छापून आला, विरोधकांनी आर्थिक बेशिस्तीचा आरोप केला, सत्ताधाऱ्यांनी विकासाला पैसा लागतोच असं सांगितलं, आवाजी मतदानाने मागण्या मंजूर झाल्या आणि विषय संपला. मला यातला आकडा फार खटकत नाही, खटकतंय ते मधलं रिकामं घर. मागण्या पटलावर येणं आणि मंजूर होणं यांच्यामध्ये एखादी समिती शांतपणे बसून, अधिकाऱ्याला समोर बसवून, ओळ न ओळ वाचते आणि विचारते की हे नक्की कशाला, असा टप्पाच आपल्याकडे नाही.

आधी एक गोष्ट क्लिअर करतो, पुरवणी मागणी म्हणजे काहीतरी चोरीचा मामला नाहीये. घटनेतच तिची सोय आहे, केंद्रासाठी कलम ११५, राज्यांसाठी कलम २०५. वर्षाच्या सुरुवातीला जे दिलं ते पुरलं नाही किंवा बजेटमध्ये नव्हतीच अशी नवीन सेवा मधेच सुरू करायची झाली तर सरकारने पुन्हा सभागृहाकडे यायचं, परवानगी मागायची आणि मगच खर्च करायचा. यातला आत्मा हाच की सभागृहाला विचारल्याशिवाय तिजोरीतून पैसा निघणार नाही. अवकाळी पाऊस येतो, कोर्टाचा निकाल येतो, महागाई भत्त्याची थकबाकी द्यावी लागते, केंद्राकडून एखाद्या योजनेचा हप्ता आला की राज्याचा हिस्सा घालावा लागतो, हे सगळं मार्चमध्ये कोणालाच कळत नसतं. त्यामुळे पुरवणी मागण्या आल्या म्हणजे सरकार नालायक, असं सरसकट म्हणण्यात अर्थ नाही.

पण मग त्या ९४ हजार ८८९ कोटींची फोड बघा. वित्त विभागच मागण्या तीन गटांत दाखवतो: अनिवार्य खर्च, कार्यक्रमांतर्गत खर्च आणि केंद्र पुरस्कृत योजनांसाठीचं अर्थसहाय्य. त्या जुलैत अनिवार्य होते १७ हजार ३३४ कोटी ८८ लाख, कार्यक्रमांतर्गत ७५ हजार ३९ कोटी ६८ लाख आणि केंद्र पुरस्कृत २ हजार ५१४ कोटी ५० लाख. म्हणजे 'करावाच लागणारा' खर्च एक पंचमांशापेक्षाही कमी. बाकीचा बहुतेक सगळा सरकारने स्वतः ठरवलेला. डिसेंबर २०२३ च्या नागपूर अधिवेशनातल्या ५५ हजार ५२० कोटींच्या मागण्यांत अनिवार्य भाग १९ हजार २४४ कोटींचा होता आणि जून २०२५ च्या ५७ हजार ५०९ कोटींमध्ये १९ हजार १८३ कोटींचा, म्हणजे तिथे साधारण एक तृतीयांश. कार्यक्रमांतर्गत खर्चातही काही खरोखर न टाळता येणारं असू शकतं, हे मान्य. पण 'अचानक आलेला खर्च' ही जी पुरवणी मागण्यांची पाठ्यपुस्तकातली ओळख आहे ती आता तीनातल्या एखाद्या भागालाच लागू पडते. उरलेला भाग म्हणजे वर्षाच्या मधे मांडलेलं दुसरं बजेट.

आणि असं दुसरं, तिसरं बजेट दरवर्षी असतंच. २०२३-२४ मध्ये जुलैत ४१ हजार २४३ कोटी, डिसेंबरात ५५ हजार ५२० कोटी, फेब्रुवारीत ८ हजार ६०९ कोटी, बेरीज केली तर १ लाख ५ हजार कोटींच्या वर. त्या वर्षीचं मूळ बजेट ५ लाख ४७ हजार कोटींचं होतं. आता इथे प्रामाणिकपणे एक सांगायला पाहिजे, हे ठोक आकडे आहेत, यातला काही भाग एकीकडच्या बचतीतून दुसरीकडे वळवलेला किंवा नुसता हिशेबात फिरणारा असतो, त्यामुळे तिजोरीवरचा निव्वळ भार कमी असतो. डिसेंबर २०२३ चा निव्वळ भार ४८ हजार ३८४ कोटी सांगितला होता, जुलै २०२४ चा ८८ हजार ७७० कोटी. विरोधक कायम मोठा आकडा घेऊन ओरडतात आणि सरकार कायम लहान आकडा दाखवतं, आणि खरं म्हणजे दोन्ही आकड्यांवरून काहीच कळत नाही, कारण प्रश्न किती हा कमी आणि कशासाठी, आत्ताच का, आधी का नाही हा जास्त आहे.

सभागृहात काय होतं ते बघा. अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी किंवा आसपास मागण्यांचं पुस्तक आमदारांच्या हातात पडतं. जाडजूड बाड, विभागवार मागणी क्रमांक, लेखाशीर्षांचे (म्हणजे खर्चाच्या खात्यांचे) लांबलचक आकडे, त्याखाली दोन-चार ओळींचं स्पष्टीकरण, ज्यात बहुतेक वेळा 'अतिरिक्त निधीची आवश्यकता आहे म्हणून अतिरिक्त निधी हवा' एवढंच वेगवेगळ्या शब्दांत लिहिलेलं असतं. मग आठवड्याभरात चर्चा. आमदार उठतो, हातात दहा मिनिटं, तो आपल्या तालुक्यातल्या रस्त्याबद्दल बोलतो, धरणाच्या कालव्याबद्दल बोलतो, उपजिल्हा रुग्णालयात डॉक्टर नाहीत हे सांगतो. यात मी आमदाराला फार दोष देणार नाही, मतदारसंघात त्याला हेच विचारलं जातं. पण एवढ्या वेळात, एवढ्या कागदावर, सचिवाला प्रश्न विचारायची काही सोय नसताना तो दुसरं करणार तरी काय? मंत्री उत्तर देतात, कपात सूचना, म्हणजे रक्कम कमी करा असे आमदारांचे प्रस्ताव, मागे घेतल्या जातात किंवा फेटाळल्या जातात, मागण्या मंजूर, मग तो पैसा तिजोरीतून काढायची परवानगी देणारं विनियोजन विधेयक, तेही मंजूर.

मला वाटतं की आपण या सगळ्याला 'चर्चा झाली' म्हणतो तीच आपली मोठी फसगत आहे.

केंद्रात तरी काय वेगळं आहे? तिथे एक चांगली गोष्ट आहे, विभागांशी संलग्न स्थायी समित्या. १९९३ साली १७ सुरू झाल्या, २००४ पासून २४ आहेत, प्रत्येकीत ३१ खासदार, लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १०. बजेट मांडलं की अधिवेशन मधे थांबतं आणि त्या सुट्टीत या समित्या आपापल्या मंत्रालयाच्या अनुदान मागण्या, म्हणजे वर्षाच्या खर्चाचे प्रस्ताव, वाचतात, सचिवांना बोलावतात, अहवाल देतात. अहवाल बंधनकारक नसतो, सभागृहात गिलोटिन लागलं, म्हणजे वेळ संपली म्हणून उरलेल्या सगळ्या मागण्या एकदम मताला टाकल्या, की बहुतेक मंत्रालयांच्या मागण्यांवर चर्चाच होत नाही, २०१८ आणि २०२३ मध्ये तर लोकसभेत सगळ्याच मागण्या चर्चेविना मंजूर झाल्या. पण त्या वर्षांतही समित्यांनी कागद वाचले होते आणि अहवाल छापले होते. कोणीतरी प्रश्न विचारलेत आणि त्याची लेखी नोंद आहे, हे काही थोडं नाही.

आता गंमत बघा, ही सोय फक्त मूळ बजेटला आहे. पुरवणी मागण्या या समित्यांकडे पाठवायची पद्धत नाही, त्या थेट सभागृहात. २०२२-२३ चं उदाहरण घ्या. खतांच्या सबसिडीसाठी मूळ बजेटमध्ये साधारण १ लाख ५ हजार कोटी होते. तेवढ्यात युक्रेनचं युद्ध सुरू झालं, जगभर खतांचे आणि गॅसचे भाव भडकले आणि डिसेंबर २०२२ च्या पहिल्या पुरवणीत एकट्या खतांसाठी आणखी १ लाख ९ हजार कोटी मागावे लागले. ती पूर्ण पुरवणी ठोक ४ लाख ३६ हजार कोटींची होती, निव्वळ ३ लाख २६ हजार कोटींच्या जवळ. खतांची गरज खरी होती, माझा त्यावर काही आक्षेप नाही, शेतकऱ्याला वाढीव भावाने खत घ्यायला लावलं असतं तर फार वाईट झालं असतं. पण रसायने आणि खते या विषयाची एक स्थायी समिती संसदेत बसलेली आहे, तिने मार्चमध्ये १ लाख ५ हजार कोटी ओळीओळीने तपासले आणि डिसेंबरमध्ये त्याहून मोठी रक्कम तिच्यासमोर न येता निघून गेली, याला काय म्हणायचं? अंदाज दुपटीने चुकला तर तो किती युद्धामुळे चुकला, किती मुळातच कमी धरला होता, आयातीचे करार कधी आणि कोणत्या भावाने झाले, हे विचारायला तीच माणसं लायक होती ना, ज्यांच्याकडे आठ महिन्यांपूर्वीचा कागद होता.

शिवाय लोकसभेच्या नियमातच, नियम २१६ मध्ये, असं म्हटलंय की पुरवणी मागण्यांवरची चर्चा त्यातल्या बाबींपुरती ठेवायची, मूळ अनुदानावर किंवा त्यामागच्या धोरणावर बोलायचं नाही, अगदी त्या बाबीचा खुलासा करायला लागेल तेवढंच बोलायचं. नियमामागचा विचार बरोबर असेल, एकदा झालेली चर्चा पुन्हा नको. पण मूळ बजेटवरच गिलोटिन लागलेलं असेल तर कसली पुन्हा? मार्चमध्ये बोलायला वेळ नव्हता आणि डिसेंबरमध्ये बोलायला परवानगी नाही.

अजून एक प्रकार आहे ज्याकडे कोणाचंच लक्ष जात नाही, तो म्हणजे लाक्षणिक मागणी, टोकन. नवीन काही सुरू करायचंय, पैसे त्याच अनुदानातल्या बचतीतून उचलता येतात, पण बाब नवीन असल्यामुळे सभागृहाची संमती लागते. मग नावापुरती रक्कम मागायची, केंद्राच्या कागदांत एका बाबीला एक लाख रुपये असं दिसतं, आणि त्या एक लाखाच्या मागे शेकडो कोटी एका कामाकडून दुसऱ्या कामाकडे वळतात. पुस्तकात ती ओळ इतकी बारीक दिसते की नजर तिच्यावर थांबतच नाही. कशातून बचत झाली, ती बचत होती की काम रखडलं म्हणून उरलेला पैसा होता, नवीन सेवेचा पुढच्या पाच वर्षांचा खर्च किती, हे खरं तर इथेच विचारायचं. सभागृहात २८८ माणसं एक लाखाच्या ओळीवर चर्चा करणार नाहीत हे उघड आहे. दहा-पंधरा माणसांच्या समितीत मात्र ती एकच ओळ एखाद्याच्या डोळ्यात खुपू शकते.

यावर लोक म्हणतात, लोकलेखा समिती आहे की. आहे. १९२१ पासून आहे, १९६७ पासून संसदेत तिचं अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे द्यायचा संकेत आहे, सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगचे अहवाल तिच्याकडे जातात, राज्यातही तशी समिती आहे. पण ती बघते खर्च होऊन गेल्यावर. कॅगच्या राज्यांच्या वित्तव्यवस्थेवरच्या अहवालांत एक शेरा इतक्यांदा येतो की वाचून वाचून पाठ व्हावा: अमुक विभागाने पुरवणी मागणी घेतली पण खर्च मूळ तरतुदीपर्यंतसुद्धा पोचला नाही, म्हणजे पुरवणी अनावश्यक होती. हे कळतं तोपर्यंत वर्ष संपलेलं, सचिव बदललेला, कधीकधी सरकारही बदललेलं. समिती अधिकाऱ्याला विचारते, तो म्हणतो मी तेव्हा नव्हतो, खुलासा सादर करतो, आणि पुढच्या वर्षी तोच विभाग परत पुरवणी मागतो. शवविच्छेदन नीट झालं म्हणून पेशंट वाचत नसतो. अंदाज समिती आहे, ती काटकसरीच्या सूचना करू शकते, पण ठरावीक पुरवणी मागणी मतदानाआधी तिच्या टेबलावर येईलच अशी व्यवस्था नाही.

दुसरीकडे काय करतात ते थोडं बघू. कॅनडात पुरवणी अंदाज (म्हणजे त्यांच्याकडच्या पुरवणी मागण्या) वर्षात साधारण तीनदा येतात, त्यांना ए, बी, सी अशी नावं असतात. ते मांडले की त्या त्या विषयाच्या स्थायी समितीकडे जातात, समिती मंत्र्याला आणि अधिकाऱ्यांना बोलावू शकते, रक्कम मान्य करू शकते, कमी करू शकते, नाकारू शकते, वाढवू मात्र शकत नाही. वर त्यांचं संसदीय अर्थसंकल्प अधिकारी म्हणून एक स्वतंत्र ऑफिस आहे, ते प्रत्येक पुरवणीवर साध्या भाषेत टिपण काढतं. ब्रिटनमध्ये प्रत्येक खात्याला आपल्या पुरवणी अंदाजासोबत संबंधित समितीला एक निवेदन पाठवावं लागतं, कुठे वाढलं, कुठे घटलं, का, आणि समितीच्या मदतीला हिशेब समजणारा स्टाफ आहे. दक्षिण आफ्रिकेत २००९ च्या कायद्याने संसदेला अर्थविषयक विधेयकांत दुरुस्ती करायचा अधिकार दिलाय आणि मधल्या वर्षातलं सुधारित विनियोजन तिथे समितीतून जातं.

पण हे सगळं सोन्यासारखं चालतं असंही समजू नका. कॅनडात १९६८ पासून एक नियम आहे, ठरलेल्या मुदतीत समितीने अहवाल दिला नाही तर तो दिला असं मानलं जातं. म्हणजे समिती बसली नाही, कागद उघडला नाही, तरी काम झालं! आणि अशा कित्येक मागण्या तिथे न वाचताच पुढे जातात, तिथलेच लोक याच्यावर टीका करत असतात. त्यामुळे समिती नेमली की प्रश्न सुटला असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. मात्र त्यातही एक फरक राहतोच, तिथे ज्या खासदाराला विचारायचंय त्याला विचारायची जागा आहे. आपल्याकडे ज्याला विचारायचंय त्यालाही नाही.

समितीने विचारायचं म्हणजे नक्की काय, ते त्या जुलै २०२४ च्या मागण्यांवरूनच बघू. त्यातली सगळ्यात मोठी बाब होती मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेसाठीचे २५ हजार कोटी. योजना २८ जूनच्या बजेट भाषणात जाहीर झाली, महिन्याला १५०० रुपये, वर्षाचा खर्च ४६ हजार कोटी सांगितला. योजना चांगली की वाईट हा वाद मी इथे घालत नाही, बायकांच्या हातात थेट पैसे जाणं ही मला स्वतःला चांगलीच गोष्ट वाटते. पण ४६ हजार कोटींना वर्षाच्या १८ हजारांनी भागलं की अडीच कोटीच्या वर बायका येतात. समितीत कोणीही हा भागाकार केला असता आणि महिला व बालविकास विभागाच्या सचिवांना विचारलं असतं की हा आकडा कुठून आला, अडीच लाखांची उत्पन्नाची अट कोण आणि कशी तपासणार, घरात चारचाकी नसावी ही अट परिवहन विभागाच्या डेटाशी जोडून आधी तपासणार का नंतर, २५ हजार कोटींत किती महिने आणि किती लाभार्थी धरलेत, आणि पुढच्या वर्षी कुठल्या विभागाच्या तोंडचा घास कमी होणार आहे. चार तासांची एक बैठक. योजना थांबली नसती, चार दिवसही उशीर झाला नसता, पहिला हप्ता तसाही ऑगस्टमध्ये गेला. नंतर काय झालं? नोव्हेंबर २०२४ ला निवडणूक झाली आणि २०२५ च्या मध्यावर सरकारनेच सांगितलं की पडताळणीत साधारण २६ लाख लाभार्थी अपात्र दिसतायत, त्यांचा लाभ तात्पुरता थांबवलाय. २६ लाख गुणिले १५०० म्हणजे महिन्याला ३९० कोटी. यातले काही फेरतपासणीत पात्रही ठरतील, ठरोत. पण जी पडताळणी वर्षभराने केली तिचा प्रश्न जुलैमध्येच लेखी विचारला गेला असता आणि त्याचं लेखी उत्तर द्यावं लागलं असतं, तर विभागाला आधी विचार करावाच लागला असता. आणि ज्या गरीब बाईचे पैसे चालू होऊन मधेच बंद झाले तिची फरफट तरी वाचली असती, हे जास्त महत्त्वाचं.

आता आक्षेप. पहिला हमखास येणारा, घाई. पूर आलाय आणि तुम्ही समित्या कसल्या बसवताय? तर घाईसाठी घटनेने वेगळी सोय केलीये, आकस्मिकता निधी, कलम २६७. त्यातून लगेच पैसे उचलता येतात आणि सभागृहाची मंजुरी नंतर घेता येते. केंद्राने तर २०२१ मध्ये आपला हा निधी ५०० कोटींवरून थेट ३० हजार कोटींवर नेला. म्हणजे पुराला पैसे मिळण्याचा आणि पुरवणी मागणी आठ दिवस समितीत असण्याचा काही संबंध नाही. आणि ज्या जुलैत ७५ हजार कोटी कार्यक्रमांतर्गत होते तिथे कुठला पूर आला होता?

दुसरा आक्षेप जरा खरा आहे, वेळ. नागपूरचं अधिवेशन डिसेंबर २०२४ मध्ये १६ ते २१ तारखेपर्यंत चाललं, सहा दिवस. त्यात समिती कधी बसणार, अहवाल कधी देणार? याला उत्तर दोन. एक तर अधिवेशन एवढं आखूड ठेवणं हीच मुळात तक्रारीची गोष्ट आहे, ती समितीच्या विरोधातला मुद्दा कशी होईल? दुसरं, समितीला बसायला सभागृह चालू असावं लागत नाही. मागण्यांचा मसुदा अधिवेशनाच्या दहा दिवस आधी समितीला द्यायचा, समितीने मुंबईत बसून काम उरकायचं, अहवाल पहिल्या दिवशी पटलावर. वित्त विभाग म्हणेल शेवटच्या रात्रीपर्यंत विभागांकडून प्रस्ताव येत असतात. हो येत असतात, कारण शेवटच्या रात्री आलेले प्रस्तावही घेतले जातात हे सगळ्यांना माहितीये. तारीख कडक केली की येणं थांबतं, सरकारी ऑफिसात मार्चएंडला काय होतं ते बघितलेल्या कोणालाही हे पटेल.

तिसरा, समितीतही बहुमत सत्ताधाऱ्यांचंच असणार, मग काय फरक पडतो? थोडा पडतो. पक्षांतरबंदीचा व्हिप, म्हणजे पक्ष सांगेल तसंच मत द्यायचा आदेश, सभागृहातल्या मतदानाला लागतो, समितीला नाही. कॅमेरा नसतो त्यामुळे गॅलरीकडे बघून भाषण करायचा मोह नसतो. स्थायी समित्यांचे कितीतरी अहवाल सत्ताधारी आणि विरोधक दोघांनी मिळून एकमताने दिलेले असतात आणि त्यात मंत्रालयावर चांगली कडक टीका असते. सत्ताधारी पक्षाच्या आमदारालाही आपल्या जिल्ह्याच्या वाट्याचं काय झालं हे जाणून घ्यायचंच असतं, सभागृहात तो स्वतःच्या मंत्र्याला अडचणीत आणू शकत नाही, बंद खोलीत अधिकाऱ्याला मात्र बिनधास्त विचारतो. बंद खोली म्हणजे झाकलेला कारभार, ही शंका बरोबर आहे, म्हणून अहवालासोबत विभागाची लेखी उत्तरंही छापायला हवीत. त्याशिवाय मला हे मान्य नाही.

आणि आमदारांना हिशेब कळत नाही, हा जो सुशिक्षितांच्या गप्पांतला लाडका आक्षेप असतो, त्यावर काय बोलणार. जिल्हा परिषदेपासून वर आलेल्या माणसाला टेंडर, बिल, शिल्लक, वळवलेला निधी यातलं तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं. त्याला कागद वेळेवर आणि वाचता येईल असा मिळत नाही, आणि मदतीला अभ्यासू माणूस मिळत नाही, खरी अडचण ही आहे.

केरळ विधानसभेत १९८० पासून विषय समित्या आहेत, अनुदान मागण्या त्यांच्याकडे जातात, तिथे सभागृह फक्त १४० आमदारांचं आहे. महाराष्ट्रात २८८ आमदार आणि वर विधान परिषदेचे ७८, माणसांची कमतरता आहे असं म्हणायला जागा नाही. आणि यासाठी घटना बदलायचीही गरज नाही, सभागृहाने आपल्या कामकाजाचे नियम स्वतः करायचे असतात, राज्यात कलम २०८, केंद्रात कलम ११८. नियमांत दोन-तीन ओळींची भर घालायची.

सुरुवात लहानच करावी असं माझं मत आहे, सगळ्या मागण्या पहिल्याच वर्षी समितीकडे ढकलल्या तर कॅनडासारखं न वाचता वाचलं असं होईल. फक्त तीन प्रकार घ्या: बजेटमध्ये नसलेली नवीन सेवा, विभागाच्या मूळ तरतुदीच्या दहा टक्क्यांपेक्षा मोठी वाढ, आणि सगळ्या लाक्षणिक मागण्या. महागाई भत्ता, कोर्टाचे आदेश, केंद्राच्या हप्त्यातला राज्याचा वाटा, हे सरळ सभागृहात जाऊ द्या, त्यात वाचण्यासारखं काही नसतं. आणि मुदतीत अहवाल आला नाही तर 'दिला असं मानू' हे अजिबात नको, 'समितीने ही मागणी तपासलेली नाही' असं त्या मागणीसमोर पुस्तकातच छापा. सरकारला ती मंजूर करून घ्यायची असेल तर खुशाल घ्यावी, बहुमत आहेच.

वित्त विभागावर कामाचा बोजा वाढेल असंही म्हणतील. पण विभाग जेव्हा पुरवणीचा प्रस्ताव पाठवतो तेव्हा त्याच्या फाईलवर आधीच लिहिलेलं असतं की मूळ तरतूद किती, आजपर्यंत खर्च किती, वाढीव का लागतंय, बचतीतून का भागत नाही. वित्त विभागाचे लोक त्यावर शेरे मारतात, काही परत पाठवतात, काहींची रक्कम अर्ध्यावर आणतात, आणि हे काम ते मन लावून करतात असं त्यांच्याशी बोललं की जाणवतं. म्हणजे समितीला जे टिपण हवंय ते मंत्रालयात तयारच असतं, फक्त मतदान करणाऱ्या आमदाराच्या हातात जे पुस्तक पडतं त्यात ते नसतं.